रिकाम्या खोलीतल्या बावीस जणी

अंबूबाईने सही करायला नकार दिला तो आयुष्यात एकदाच. बँकेत, रेशनच्या दुकानात, पोराच्या शाळेत, बचत गटाच्या वहीत, जिथे कोणी बोट ठेवील तिथे ती गोल, सावकाश अक्षरात आपले नाव लिहीत आली होती. सातवी शिकलेली बाई. पण पुढ्यात आलेला कागद वाचल्याशिवाय राहायची नाही आणि वाचून झाल्यावर हुज्जत घालायची नाही. डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी मात्र उपेंद्र साहेबांनी टेबलावरून सरकवलेला कागद तिने दोनदा वाचला आणि पेन होते तिथेच राहू दिले.

"काय झालं, अंबूबाई? दिसत नाहीये का? चष्मा आणा जाऊन."

"दिसतंय की सायेब. दिसतंय म्हनूनच न्हाई करत."

कागदावर चारच ओळी होत्या. सुलक्षणा ही कामगार उपवासामुळे अशक्त होऊन कामावर चक्कर येऊन पडली. खोलीतील हवा त्या वेळी व्यवस्थित होती. घाबरून जाऊन ज्येष्ठ कामगार अंबूबाई यांनी आणीबाणीच्या खिडकीचे सील विनाकारण तोडले. सुलक्षणा हिची प्रकृती या कामास योग्य नाही.

शेवटच्या ओळीवर अंबूबाईची नजर अडकून राहिली. नसरापूर ते शिरवळ पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना बायका पुरवणारा ठेकेदार एकच. त्याच्या फाईलला 'प्रकृती योग्य नाही' असा कागद एकदा लागला की त्या बाईला पुन्हा कुठल्या फाटकातून आत घेत नाहीत. आणि हे लिहिले कुणाबद्दल? तर वेल्ह्याकडच्या, तोरण्याच्या पायथ्याच्या पोरीबद्दल. बारा वर्षांची असल्यापासून डोक्यावर गवताचा भारा घेऊन डोंगर उतरलेली मुलगी. ती अशक्त!

"मंगळवारी तपासणी आहे," साहेब म्हणाले. "त्याआधी फाईल पूर्ण हवी मला. दोन दिवस विचार करा."

"इचार झालाय माजा."

"तरी करा," असे म्हणून त्यांनी मोबाईल उचलला. म्हणजे आता जा.

उपेंद्र साहेब तसे वाईट माणूस नव्हते. भोर गावातले, शिकल्या-सवरल्या घरातले. बायकांना अहो-जाहो करायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. दिवाळीला प्रत्येकीला स्वतःच्या हाताने मिठाईचा पुडा द्यायचे. अशा माणसाने असा कागद लिहावा, याचाच अंबूबाईला जास्त संताप आला होता. शिवी देणाऱ्याला शिवी देता येते. गोड बोलून पाठीत कागद चिकटवणाऱ्याचे काय करायचे?

कारखाना वरवे बुद्रुकच्या शिवेला, हायवेपासून थोडा आत. केसांना लावायच्या पावडरी बनतात तिथे. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा. पोत्यांनी माल येतो, तो निवडायचा, पाखडायचा, खडे-काड्या-बिया बाजूला करायच्या आणि मग दळायला पाठवायचा. अंबूबाई हे काम वीस वर्षे करत होती. सुरुवातीला पत्र्याची शेड होती, तीन बाजूंनी उघडी. उगीच तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की डोक्यावरचा पदर ओला करून बसावे लागे, आणि पावसात अर्धा माल भिजायचा. पण शिकेकाईची धूळ उठली की वारा ती घेऊन जायचा. शिकेकाई कुटताना घरात काय होते ते ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. एक शेंग फुटली तर शेजारच्या खोलीतला माणूस शिंकतो. इथे बावीस बायका दिवसाला पोत्यांवर पोती निवडतात.

दोन वर्षांपूर्वी नवी इमारत झाली. जाड भिंती, दुहेरी काचा, छतावर उन्हाने हवा तापवणाऱ्या काळ्या पेट्या. हिवाळ्यात माल सर्दावू नये म्हणून ती कोरडी ऊबदार हवा आत सोडायची. कुठे किती हवा, बाहेरची किती, आतली किती, सगळे संगणक ठरवणार. पर्यावरणाला जपणारी इमारत म्हणून दारात हिरव्या पानाची पितळी पाटी लागली, पेढे वाटले गेले, आणि साहेबांनी बायकांना समजावून सांगितले की ही इमारत स्वतः विचार करते. खोलीत माणसे असतील तेव्हाच बाहेरची ताजी हवा ओढते, माणसे नसतील तर दारे मिटून घेते आणि आतलीच ऊब आत फिरवते. उगाच वीज जाळत नाही.

अंबूबाईला ते मनापासून पटले होते. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला तर शेजारणीच्या घरातसुद्धा उठून बटण बंद करणारी ती बाई. उन्हाकडून फुकट ऊब घ्यावी, वीज वाचवावी, यात वाईट ते काय?

घोटाळा झाला तो टेबलांचा. इमारतीच्या नकाशात निवडणाऱ्या बायका टेबल-खुर्चीवर बसणार होत्या. तशी टेबले आलीही, पांढरी, गुळगुळीत. पंधरा दिवस बायका त्यांच्यावर बसून बघत होत्या. पाय लोंबकळून मुंग्या यायच्या. सूप धरले की काठ टेबलाला आपटायचा. पाखडायला कोपर मोकळे लागते; एक गुडघा उभा, एक मांडी आडवी, आणि सूप त्या दोहोंच्या मधे झुलले पाहिजे. हे ज्ञान नकाशा काढणाऱ्याला कुठून असणार? सोळाव्या दिवशी अंबूबाई खाली बसली, तिच्यामागून बाकीच्या बसल्या, आणि संध्याकाळी माल मोजला तर दीडपट. साहेब बघून गेले, हसले, म्हणाले, "तुम्हाला सोयीचं पडेल तसं बसा." टेबले पश्चिमेच्या भिंतीला लागली. कोणीतरी त्यांच्यावर पोती रचली. त्याच भिंतीवर, पोत्यांच्या वर जेमतेम दिसेल न दिसेल अशी एक पांढरी डबी होती, तिच्यात लाल ठिपका. बायका तिला डोळा म्हणायच्या. त्या डोळ्याकडे त्या दिवशी कोणी पाहिले नाही. बायकांनीही नाही, हे अंबूबाई पुढे स्वतःच कबूल करायची.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. निदान बायकांनी तिला गंमतच मानले. सकाळी आत आल्या की छताच्या झरोक्यांतून छान वारे यायचे. बसल्या, कामाला लागल्या, की पाव तासाने वारे बंद. मग धूळ तरंगत राहायची, घशात खवखव, डोळ्यांत पाणी. आणि साहेब फेरीला आले, इकडून तिकडे चालत गेले, की झरोके पुन्हा फुरफुर करायला लागायचे.

"आलं बाई वारं!"

"सायेब आलं म्हन की. पाठीला बांधून आनत्यात जनू."

"आमच्या मालकाला पन ठिवा हितं कामाला. घरात आलं की नुसता धूर येतोय त्यांच्यासंगं, बिडीचा."

साहेबांकडे तक्रार केली की ते मधोमध उभे राहून वर हात करायचे, झरोक्याचा वारा तळव्यावर घ्यायचे आणि म्हणायचे, "किती छान हवा आहे! माझ्या केबिनमधे एवढी नाही." खरेच होते ते. ते असताना हवा छानच असायची.

त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, हसण्यावारी नेण्यासारखे काही उरले नाही. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. बावीसपैकी अकरा-बारा जणींचे उपवास होते, अंबूबाईचाही होता. अकराच्या सुमाराला सुलक्षणा म्हणाली, "मावशी, डोकं लई जड झालंय. छातीवर कुनी बसल्यावानी वाटतंय."

अंबूबाईने हातातले सूप न थांबवता सांगितले, "वाईच कळ काढ. सायेब येतील आता फेरीला, मंग वारं यील."

हे वाक्य तिला पुढे कितीतरी दिवस खात राहिले. माणसाला श्वास हवाय, आणि आपण तिला साहेबांची वाट बघायला सांगतो! कुठल्या थराला गेलो आपण, की हवासुद्धा कोणाच्या तरी येण्याने मिळते हे इतके अंगवळणी पडावे?

साहेब त्या दिवशी मीटिंगमधे होते, फेरी झालीच नाही. वीस मिनिटांनी सुलक्षणा सुपावर तोंडावारी पडली. बायका ओरडत उठल्या. अंबूबाईने तराजूचे दोन किलोचे वजन उचलले, आणीबाणीच्या खिडकीवरचे लाल सील एका घावात तोडले आणि खिडकी सताड उघडली. भोंगा वाजायला लागला. साहेब धावत आले, ते थेट खिडकीकडे गेले. खिडकी लावली, मूठ फिरवली, भोंगा थांबला. मग मागे वळून विचारले, "कोण पडलंय?"

आधी खिडकी. मग माणूस.

आणि तोवर, सगळ्या बायका उभ्या असल्यामुळे, झरोके जोरात वाहत होते. साहेबांनी नेहमीसारखा हात वर केला. "हवा तर छान आहे. काही खाल्लं होतं का हिने?"

"गुरवार हाय आज," कोणीतरी बोलून गेले. झाले. तिथेच कागदाच्या पहिल्या ओळीचा जन्म झाला. सुलक्षणाला दुपारी रिक्षात घालून घरी पाठवले ते 'आता येऊ नका' असे सांगूनच.

"म्या तीस वर्षं गुरवार धरतीया," अंबूबाई शुक्रवारी घरी जाताना वडापच्या जीपमधे शेजारणीला म्हणाली. आवाज इतका चढला होता की ड्रायव्हरने आरशातून मागे बघितले. "धा-धा तास भातलावनी केली गुरवारच्या पोटानं. तवा कवा पडले न्हाई. आन ह्या पोरीनं तर रताळं खाल्लं व्हतं, दूध पिली व्हती. देवीचा उपास बरा सापडला ह्यांला, खापर फोडायला!"

पण नुसत्या रागाने काही होत नाही, हे तिला वीस वर्षांच्या निवडण्याने शिकवले होते. खडा सापडेपर्यंत बघत राहायचे. शनिवारी ती दिवसभर हात चालवत, नजर वर ठेवून बसली. वारे कधी येते, कधी जाते. गडी पोती न्यायला आले, वारे आले. गेले, पाव तासाने वारे बंद. डबा खायला सगळ्या उठल्या, वारे आले. तिच्या मनाने घेतले, की कोणीतरी कुठूनतरी बघतोय आणि बटण दाबतोय. आणि बटणे कोणाकडे असतात? गोरखकडे.

गोरख कामथडीचा, इमारतीची वीज आणि हवा बघणारा. कामथडी अंबूबाईचे माहेर, म्हणून तो तिला आत्या म्हणायचा. सुट्टी झाल्यावर ती त्याच्या खोलीत शिरली ती दार न वाजवताच.

"गोरख्या, सायेब दिसलं की बटन दाबतूस व्हय रं? आन आमी एकट्या असलो की बंद करतूस?"

"आत्या, काय बोलतीस! माज्या हातात हाय काय? म्या नुसता बगतो. समदं त्यो संगणक करतो."

"कुनाला शिकवतूस? तुजा बाप माज्या मांडीवर वाढलाय."

"अगं आईची आन! बग तूच, हितं ये." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. इमारतीचा नकाशा होता, एकेक खोली म्हणजे एकेक चौकट. "ही तुमची निवडनीची खोली. मानसं असली की हिरवी हुती, नसली की करडी. करडी झाली की भायेरची हवा बंद."

"आन गुरवारी कशी व्हती? सुलक्षणा पडली तवा?"

गोरखने मागची नोंद काढली. अंबूबाईने चष्मा चढवला आणि बोट ठेवून स्वतः वाचले. दहा पन्नास: रिकामी. अकरा: रिकामी. अकरा दहा: रिकामी. अकरा एकवीस: माणसे आहेत.

"रिकामी?" तिचा आवाज एकदम खाली गेला. "आरं, बावीस जनी व्हतो आमी तितं. सकाळपासनं व्हतो."

"त्यो डोळा हाय ना आत्या, भितीवरला, त्यो हलनारं मानूस वळकतो. तुमी खाली बसलेल्या, मधी टेबलं, टेबलावर पोती. उभं ऱ्हायलं तरच डोकं दिसनार त्येला."

तिने आणखी मागचे दाखवायला सांगितले. मागची नोंद गोरख सरकवत होता. काल, परवा, मागचा महिना, त्याच्या मागचा. सगळीकडे तेच. सकाळी थोडे हिरवे, मग रिकामी, रिकामी, रिकामी. दोन वर्षे ती रोज साडेआठला येत होती, घाम गाळत होती, खोकत होती, आणि या इमारतीच्या लेखी तिथे कोणी नव्हतेच.

"तुला म्हाईत व्हतं ह्ये?"

गोरखने मान खाली घातली. "मला वाटायचं, तुमी भायेर जात असाल. म्या काय बगाया येतो व्हय रोज?"

"यायला पायजे व्हतास," ती म्हणाली. एवढेच.

सोमवारी सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली. तिला खरोखर वाटत होते, की आता सगळे मिटले. चूक सापडली, दाखवली की संपले. साहेब शिकलेले आहेत, लगेच ध्यानात येईल. तिने सगळे नीट सांगितले. गोरखचे नाव मात्र घेतले नाही. साहेबांनी आपल्याच पडद्यावर नोंद उघडली, चाळली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे दहा पन्नास ते अकरा एकवीस तुम्ही सगळ्या खोलीत नव्हतात."

अंबूबाईला वाटले आपण चुकीचे ऐकले.

"व्हतो सायेब. त्येच तर सांगतीया..."

"यंत्र खोटं बोलत नाही, अंबूबाई. आणि हे रोजचंच दिसतंय. तास-तास खोली रिकामी! बाहेर उन्हाला बसता का तुम्ही सगळ्या?"

"आन पोत्यांनी पोती माल निवडून जातोय, त्यो कोन निवडतंय? भुतं?"

"ते मी बघतो. सहीचं काय ठरलं?"

"रिकाम्या खोलीत सुलक्षणा पडली कशी, त्येवडं लिवा आदी त्या कागदावर. मंग करते सही."

साहेबांचे डोळे क्षणभर तिच्या डोळ्यांना भिडले आणि बाजूला झाले, आणि तेवढ्यात अंबूबाईला कळून चुकले, की यांना समजले आहे. आत्ता, या मिनिटाला, सगळे समजले आहे. खाली बसायला परवानगी त्यांनीच दिली होती. कागदोपत्री मात्र बायका अजून टेबलावर बसत होत्या. हे मान्य करायचे म्हणजे दारातली पितळी पाटी जायची. त्यापेक्षा एक वेल्ह्याची पोर गेलेली स्वस्त.

मंगळवारी सकाळी बायका आत आल्या तर पोती गायब. टेबले पुसून तीन रांगांत मांडलेली, प्रत्येकीला खुर्ची. टेबलावर सुपे ठेवलेली, शोभेला ठेवल्यासारखी.

"आजच्या दिवस वर बसा," साहेब हात जोडून म्हणाले. "दोन तासांचा प्रश्न आहे. आपल्या सगळ्यांच्या कारखान्याचं नाव आहे."

आपल्या सगळ्यांच्या! अंबूबाई खुर्चीवर बसली. झरोक्यांतून वारे वाहत होते, दोन वर्षांत वाहिले नव्हते तसे, सलग. ही हवा रोज इथे होती. द्यायची म्हटली तर देता येत होती. पाहुणे येणार म्हणून आली, जशी पाहुण्यांसाठी चांगली कपबशी काढावी.

पाटी देणाऱ्या संस्थेकडून आलेल्या बाई म्हणजे तिशीची एक मुलगी होती, शुभ्रा नावाची. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात हवा मोजायचे छोटे यंत्र. ती खोलीत फिरली, यंत्र वर धरले, आकडा लिहिला. "उत्तम," ती म्हणाली. साहेबांचा चेहरा उजळला.

अंबूबाई उठली. टेबलावरचे सूप घेतले आणि दोन रांगांच्या मधे, टेबलांच्या आड जमिनीवर बसली. एक गुडघा उभा, एक मांडी आडवी. शिकेकाई पाखडायला लागली.

"अंबूबाई!" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

तिने वर पाहिले नाही. मागच्या रांगेतली एक खुर्ची सरकली, मग आणखी एक. कोणी कोणाला खूण केली नव्हती. बघता बघता बाविसांपैकी एकवीस जणी खाली बसल्या होत्या. बाविसावी घरी होती.

"मावशी, खाली का बसलात?" शुभ्राने विचारले.

"आमी रोज हितंच बसतो मॅडम. खुर्च्या आज तुमच्यासाठी मांडल्यात."

"तसं नाही, म्हणजे कधीमधी..." साहेब मधे पडले.

"मॅडम, घाई नसंल तर बसा की वाईच आमच्यासंगं," अंबूबाई पोत्याचा तुकडा झटकून अंथरत म्हणाली. "पाव तास. उठायचं तेवडं न्हाई. सायेब, तुमी बी बसा. मीटिंग न्हाई ना आज?"

शुभ्राने साहेबांकडे बघितले, मग त्या तुकड्याकडे, आणि बुटांसकट मांडी घालून बसली. साहेबांना इस्त्रीच्या पँटीत बसायला दोन प्रयत्न लागले. नुसता सुपांचा आवाज. बायका रोजच्यासारख्या काम करत होत्या, मुद्दाम जास्त नाही, कमीही नाही. बारा-तेरा मिनिटे झाली असतील. वरचे झरोके एकदम गप्प झाले.

शुभ्राने मान वर केली. यंत्राकडे पाहिले. धूळ आता उन्हाच्या पट्ट्यात जागच्या जागी लोंबत होती. तिने ओढणी नाकाला लावली. तिचे डोळे वाहायला लागले. साहेब शिंकले. पुन्हा शिंकले. सातव्या शिंकेनंतर ते उठायला गेले तेव्हा अंबूबाई म्हणाली, "बसा सायेब. उटला की वारं येतं. सुलक्षणा अर्धा तास बसली व्हती हितं."

साहेब बसले.

आकडा चढत होता. शुभ्राने तो तीनदा लिहिला आणि मग कोणाला न विचारता गोरखच्या खोलीकडे गेली. ती उभी राहिली आणि चालायला लागली त्याबरोबर झरोके फुरफुरले, आणि एवढ्या तापल्या वातावरणातही दोघी-तिघी फिसकन हसल्या. "मॅडमच्या बी पाठीला हाय गं!"

गोरखने गुरुवारची नोंद तिला आपणहून काढून दिली, हे अंबूबाईला नंतर कळले.

टेबले आणि पोती त्या खोलीतून कायमची निघाली, एवढे त्याच दिवशी झाले. भिंतीवरच्या डोळ्याच्या जागी, माणसांच्या श्वासाने हवा किती जड झाली ते मोजणारे यंत्र जमिनीलगत बसवायचे, असे ठरले. पाटी तूर्त गेली. शुभ्राचा अहवाल आला तेव्हा त्यात एक वाक्य होते, की वापरणाऱ्यांच्या बसण्याच्या सवयीमुळे यंत्रणेला माणसांची नोंद घेता आली नाही. अंबूबाईने गोरखकडून ते इंग्रजी वाक्य समजून घेतले आणि म्हणाली, "सवयीमुळं? मानसानं हज्जार वर्सं खाली बसून काम केलंय. परवा आलेल्या डबीला दिसंना, तर सवय आमची खोटी व्हय?" शुभ्राला तिने गोरखच्या फोनवरून तसे सांगितले. शुभ्राने दुसऱ्या दिवशी वाक्य बदलून पाठवले. चांगली पोर होती, पण चांगल्या पोरीच्याही हातून पहिल्यांदा तसेच लिहिले गेले, हे अंबूबाई विसरली नाही.

उपेंद्र साहेबांनी तिला केबिनमधे बोलावले. "झालं ते झालं. सुलक्षणाला सोमवारपासून येऊ दे. सोडून देऊ सगळं."

"त्यो कागूद कुठंय?"

"तो ठेकेदाराकडे गेला. तुमच्या सहीशिवायच गेला, काळजी करू नका."

"मंग दुसरा लिवा. त्याच्या वर लावाय सांगा."

साहेबांनी लिहिले: तांत्रिक कारणामुळे अस्वस्थ वाटले. अंबूबाईने वाचले आणि परत सरकवले. "ह्यात सुलक्षणा खोलीत व्हती, आसं कुठं हाय?" त्यांनी ते घातले. तिने पुन्हा वाचले. "आन हवा बंद व्हती, ह्ये?" साहेबांचे कान लाल झाले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी सगळे लिहिले: सुलक्षणा अकरा वाजता खोलीत काम करत होती, बाहेरची हवा अर्धा तास बंद होती, तिच्या प्रकृतीत काही दोष नाही. अंबूबाईने खाली साक्षीदार म्हणून सही केली. गोल, सावकाश, पूर्ण नाव.

त्या कागदाची नक्कल पदराखाली धरून ती वडापने नसरापूरला गेली. सुलक्षणा तिच्या भाड्याच्या खोलीच्या दारात धुणे वाळत घालत होती. ओल्या हाताने कागद नको म्हणून अंबूबाईनेच तो तिच्यापुढे धरला. सुलक्षणाने वाचला. हसली नाही. दोन वेळा वाचला.

"मावशी, सायेब काय म्हनलं? चुकलं म्हनलं का?"

"न्हाई."

"माजं नाव टाकलं समद्या पट्ट्यात, वरव्यापासनं शिरवळपत्तूर. सासूनं आठ दिस टोमनं मारलं, नाजूक म्हनून. आन चुकलं बी न्हाई म्हनलं?"

कागद मिळाला म्हणून अंबूबाई येताना मनातून खूश होती, आणि हेच विचारायचे राहून गेले होते. एवढ्या तीन कागदांच्या ओढाताणीत तो एक शब्द तिला सुचलाच नव्हता. कारण आपल्याला कोणी कधी म्हटलेलाच नाही.

"मला बी चुकलं म्हनायचंय तुला," ती म्हणाली. "सायेब येईस्तवर कळ काढ म्हनले म्या."

"तू गप बस," सुलक्षणा चिडून म्हणाली, आणि तिने चिमटा साडीला इतक्या जोरात लावला की दोरी हलली. "तुजं न्हाई इचारत म्या. सोमवारी येतीया म्या कामाला. पन सूप हातात घ्यायच्या आदी त्यांच्या केबिनला जानार."

"एकली नगं जाऊस."

"मंग?"

"बावीस जनी जाऊ," अंबूबाई म्हणाली. "आन तितंच खाली बसू, म्हनंस्तवर."